आर्क्टिक पदक आणि गोलंदाज जॉर्ज पोर्टर

आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाहून किंचित् मोठें असें एक चांदीचें पदक आहे. त्याच्या एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचें मुकुटधारी मुख असून खालीं १८७६ हा सनाचा आंकडा आहे. दुसऱ्या बाजूस तीन डोलकाठ्यांचें एक जहाज बर्फांत अडकून उभें आहे. वर ढगांनीं भरलेलें आकाश आहे. शिक्के कोरण्यांत निष्णात अशा लेओनार्ड वायन ह्या कारागिरानें तें काढिलें. त्याची फीत अगदीं पांढरी शुभ्र आहे; तिच्यावर दुसऱ्या रंगाचा एक धागाहि नाहीं. लढाईच्या पदकांच्या फिती बहुधा तांबड्या, निळ्या, हिरव्या पट्ट्यांच्या असतात. ही पांढरी फीत पाहिली कीं, जाणता मनुष्य लागलींच ओळखतो कीं, हें पदक कोणास मारून मिळविलेलें नव्हे, तर थंडीशीं झगडून मिळविलेलें आहे.

अशा पदकाच्या कडेवर घेणाऱ्याचें नांव, हुद्दा व जहाज हीं ठोकून उठविलेलीं असत. पदकांचा अभ्यास करणारे लोक दर्शनी बाजूपेक्षां ही कडच आधीं वाचतात, व तें योग्यच आहे. कारण राणीचें मुख सर्व पदकांवर सारखेंच; मनुष्य कोण तें कडेवर कळतें. कप्तानाची हकीकत पुस्तकांतून छापली जाते. साध्या शिपायाची हकीकत मात्र पुष्कळदां ह्या कडेवरच्या चार शब्दांपासून शोधीत जावें लागतें. ज्या सफरीसाठीं हें पदक निघालें तींतील एका साध्या शिपायाची गोष्ट येथें सांगावयाची आहे. त्याचें नांव जॉर्ज पोर्टर. तो रॉयल मरीन तोफखान्याचा गोलंदाज होता.

प्रथम मरीन म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे, कारण हा शब्द आपल्याकडे फारसा परिचयाचा नाहीं. मरीन हा जहाजावर राहतो पण खलाशी नव्हे. बंदूक घेऊन कवाईत करितो पण लष्करांतला नव्हे. तो आरमाराचा शिपाई. इंग्लंडांत अशी पहिली पलटण १६६४ सालीं उभारण्यांत आली. पुढें १७५५ सालापासून हे शिपाई कायमचे आरमारखात्याच्या ताब्यांत आले, आणि चॅटम, पोर्टस्मथ व प्लिमथ ह्या तीन बंदरांत त्यांचीं ठाणीं झालीं. १८०२ सालीं त्यांस ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. जहाजाच्या कप्तानाच्या दारावर व दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा करणें, लढाईंत कांहीं तोफा चालविणें, आणि वेळ आली म्हणजे किनाऱ्यावर उतरून लढणें हीं त्यांचीं कामें. जहाजावर त्यांचे झोले बहुधा अधिकारी व खलाशी ह्यांच्या मधल्या जागेंत टांगीत. ह्याचा हेतु न सांगतांहि समजण्याजोगा आहे. खलाशी कधीं बिथरलेच तर त्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मध्यें मरीन असावेत! त्यामुळें खलाशी त्यांची थट्टा करीत, पण संकटांत त्यांच्यावर विसंबूनहि राहत.

ह्या मरीनांत पुन्हां दोन जाती होत्या. पायदळाचे ते तांबडे मरीन व तोफखान्याचे ते निळे मरीन, असें त्यांच्या डगल्यांच्या रंगावरून लोक म्हणत. उखळी तोफांच्या जहाजांसाठीं १८०४ सालीं गोलंदाजांच्या वेगळ्या तुकड्या निघाल्या. १८५९ सालीं त्यांचें स्वतंत्र दल झालें, व पोर्टस्मथजवळ ईस्टनी येथें त्यांच्यासाठीं समुद्रकांठीं मोठी बराक बांधली गेली. १९२३ सालीं हीं दोन्ही दलें पुन्हां एक करण्यांत आलीं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळांत मरीन म्हणून भरती होणारा तरुण बहुधा शेतमजुराचा, विणकराचा किंवा खाणकामगाराचा मुलगा असे. त्याची उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, जन्मगांव, पूर्वीचा धंदा हें सर्व वहींत उतरवून घेत. तशा वह्या व कागद लंडनजवळ क्यू येथील सरकारी दफ्तरांत आजहि पाहावयास मिळतात. करार प्रथम बारा वर्षांचा. वर्तणूक चांगली असली तर तो वाढवून मिळे, आणि एकवीस वर्षें भरलीं म्हणजे पेन्शन. ह्या काळांत तो एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर, आज माल्टास तर उद्यां चीनच्या किनाऱ्यावर, असा फिरत असे. मधल्या वेळांत बराकीत कवाईत. पहारा, कवाईत, तोफा पुसणें आणि पुन्हां पहारा, असें हें आयुष्य एकंदरीत कंटाळवाणें होतें असेंच म्हटलें पाहिजे. म्हणून १८७५ सालीं उत्तर ध्रुवाकडे जाण्यास माणसें पाहिजेत अशी बातमी पसरतांच आरमारांतून स्वयंसेवक पुष्कळ पुढें आले, ह्यांत नवल नाहीं.

ही सफर सरकारी होती. ‘अलर्ट’ व ‘डिस्कव्हरी’ हीं दोन वाफेचीं जहाजें तींत होतीं. मुख्य कप्तान जॉर्ज नेअर्स हा त्या वेळीं ‘चॅलेंजर’ ह्या जहाजावरून समुद्राच्या तळाचा शोध करीत हिंडत होता. त्याला हाँगकाँगहून मुद्दाम परत बोलाविलें. डिस्कव्हरीचा कप्तान हेन्री स्टीफन्सन. १८७५ च्या मे महिन्याच्या २९ तारखेस दोन्ही जहाजें पोर्टस्मथहून निघालीं. ग्रीनलंड व एल्समिअर बेट ह्यांच्या मधल्या अरुंद सामुद्रधुनींतून, बर्फाच्या फटी शोधीत शोधीत, तीं उत्तरेकडे गेलीं. डिस्कव्हरीनें लेडी फ्रँकलिन उपसागरांत नांगर टाकला. अलर्ट आणखी पुढें जाऊन सुमारें ८२ अंश २७ कला उत्तर अक्षांशावर, उघड्या किनाऱ्यालगत, बर्फाच्या प्रचंड शिळांच्या आडोशाला थांबलें. तोंपर्यंत इतक्या उत्तरेस कोणतेंच जहाज गेलें नव्हतें. गोलंदाज पोर्टर ह्याच जहाजावर होता.

तेथें सूर्य मावळला तो १४२ दिवस उगवला नाहीं. आपण एक रात्र दिवा गेला तर कुरकुर करितों. तेव्हां पावणेपांच महिन्यांची रात्र कशी काढली असेल ह्याचा विचार करावा. नेअर्सला ठाऊक होतें कीं, अशा अंधारांत थंडीपेक्षां आळसानें मनुष्य आधीं खचतो. म्हणून जहाजावर रोज संध्याकाळीं शाळा भरे. दाढीमिशांचे खलाशी व मरीन पाट्या-वह्या घेऊन बसत, आणि अधिकारी त्यांस वाचन व गणित शिकवीत. गुरुवारीं गाणीं, भाषणें होत, नाटकेंहि होत. छापण्याचें एक लहानसें यंत्र बरोबर होतें, त्यावर नाटकांचीं जाहिरातपत्रकें निघत! मार्चच्या आरंभीं पारा फॅरनहाइट शून्याच्या खालीं ७३ अंशांपर्यंत उतरला. इतक्या थंडींत पाऱ्याचाच गोळा होतो, म्हणून तेथें मद्यार्काचे उष्णतामापक वापरावे लागत.

प्रवासाची खरी वेळ वसंतांत, म्हणजे उजेड आल्यावर. परंतु आरंभच अशुभ झाला. १२ मार्च रोजीं एक टोळी कुत्र्यांच्या घसरगाडीसह डिस्कव्हरीकडे निघाली असतां नील्स पीटरसन नांवाचा डेन्मार्कचा दुभाषी व कुत्री हांकणारा थंडीनें गारठला. बरोबरच्या दोघां तरुण अधिकाऱ्यांनीं, एगर्टन व रॉसन ह्यांनीं, बर्फांत भोंक खणून त्याला आंत ठेविलें व स्वतःच्या अंगाची ऊब देऊन जिवंत परत आणलें. पण त्याचे पाय कापावे लागले, व १४ मे रोजीं तो वारला.

३ एप्रिल १८७६ रोजीं मुख्य टोळ्या निघाल्या. एक पश्चिमेस एल्समिअरचा किनारा पाहण्यास गेली. दुसरी कमांडर अल्बर्ट मार्कम ह्याच्या हाताखालीं सरळ उत्तरेस, गोठलेल्या समुद्रावरून निघाली. (न्यूझीलंडच्या निशाणाचा नमुना ज्यानें सुचविला तोच हा मार्कम.) डिस्कव्हरीहून लेफ्टनंट बोमंटची तिसरी टोळी ग्रीनलंडच्या किनाऱ्यानें गेली. मार्कमबरोबर दुसरा अधिकारी लेफ्टनंट पार होता. माणसें पंधरा, त्यांत पोर्टर एक.

ह्या टोळीचा प्रवास समजण्यासाठीं तेथील बर्फ कसें असतें तें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. तें तळ्यावरच्या बर्फासारखें गुळगुळीत नसतें. समुद्राच्या भरती-ओहोटीनें व वाऱ्यानें बर्फाचे विस्तीर्ण थर एकमेकांवर आपटतात, फुटतात, आणि त्यांचे तुकडे उभे राहून पुन्हां गोठतात. त्यामुळें नांगरलेल्या शेतांत घराएवढीं ढेकळें पडावींत तसा तो प्रदेश दिसतो. ढेकळांच्या मधल्या खळग्यांत कमरेएवढें भुसभुशीत हिम. वाट कुदळींनीं फोडून करावी लागे. त्यांतून घसरगाड्या ओढावयाच्या, आणि त्या कुत्र्यांनीं नव्हे तर माणसांनीं, छातीला पट्टे बांधून! पुढें मोकळें पाणी लागेल ह्या भीतीनें होड्याहि गाड्यांवर चढविल्या होत्या. त्यांपैकीं एक पुढें वाटेंतच टाकून द्यावी लागली. ओझें इतकें कीं, सर्वांनीं मिळून एक गाडी थोडी पुढें न्यावी, परत यावें, दुसरी न्यावी. म्हणजे एक मैल पुढें जाण्यासाठीं तीन-चार मैलांची पायपीट. दिवसभराच्या कष्टानंतर ध्रुवाकडे खरी प्रगति कधीं एक मैल, कधीं त्याहूनहि कमी.

निघाल्यास दोन आठवडेहि झाले नव्हते तोंच जॉन शर्ली नांवाचा एक स्टोकर पाय दुखतात म्हणूं लागला. लागोपाठ पोर्टरनेंहि तीच तक्रार केली. गुडघे सुजले, पायांवर काळेनिळे डाग दिसूं लागले. प्रथम वाटलें, लचक भरली असेल. दोघेहि चालेनासे झाले, तेव्हां त्यांस गाडीवर घालून ओढणें भाग पडलें. हा प्रकार फार विलक्षण होता. मनुष्य कमी झाला म्हणजे ओढणारे हात कमी होतात, आणि ओझें मात्र त्याच मनुष्याच्या वजनानें वाढतें. पुढें आणखी माणसें पडलीं. तरीहि मार्कम पुढें जात राहिला. १२ मे रोजीं धडधाकट तेवढ्यांना घेऊन तो ८३ अंश २० कला २६ विकला ह्या अक्षांशावर पोंचला. तेथून ध्रुव सुमारें ४०० सागरी मैल राहिला होता. १८२७ सालचा पॅरीचा उच्चांक मोडला गेला. तेथें निशाणें फडकविलीं, गाणीं म्हटलीं, व ते मागें वळले.

ह्या ठिकाणीं एक हिशेब सांगण्याजोगा आहे. जहाजापासून तें सर्वांत दूरचें स्थान सरळ रेषेनें ७३ मैल होतें, म्हणजे मुंबईहून पुण्याला आगगाडीनें जितकें जावें लागतें त्याहूनहि कमी. परंतु जातांना सुमारें २७६ मैल व येतांना २४५ मैल तुडवावे लागले, आणि एकंदर ७२ दिवस लागले.

परतीची वाट ही प्रेतयात्रेसारखीच होती. जूनच्या पहिल्या आठवड्यांत बहुतेक सर्व माणसें आजारी झालीं होतीं. ओढण्यास धड माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं. त्या वेळीं पार ह्यानें एकट्यानें जहाजाकडे जाण्याचें पत्करलें. ७ जूनला तो निघाला. मऊ हिमांतून, विश्रांति न घेतां, सुमारें एका दिवसांत जहाजावर पोंचला, व त्याचें काळवंडलेलें तोंड पाहून लोकांस प्रथम तो ओळखूंच आला नाहीं. मदत तत्काळ निघाली. पुढें कुत्र्यांची गाडी घेऊन एक लेफ्टनंट व डॉक्टर मॉस लिंबाचा रस घेऊन धांवले. पण ज्या ८ जूनच्या दिवशीं पार जहाजावर पोंचला, त्याच दिवशीं इकडे गोलंदाज पोर्टर गाडीवर पडल्या पडल्या मरण पावला होता. सोबत्यांनीं बर्फांतच खड्डा खणला. होडीचें एक वल्हें व घसरगाडीची एक जादा फळी ह्यांचा क्रूस करून त्यावर त्याचें नांव व तारीख लिहिली, आणि उरलेल्या आजाऱ्यांना घेऊन ते चालूं लागले. दुसऱ्याच दिवशीं त्यांस मदत भेटली. १४ जून रोजीं ते जहाजावर आले.

हा रोग स्कर्व्ही होता. शरीराला जीवनसत्त्व ‘क’ मिळालें नाहीं म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंती व शरीरांतले सांधणारे धागे दुबळे होतात. हिरड्यांतून रक्त येतें, सांधे सुजतात, जुने व्रण पुन्हां उघडतात आणि शेवटीं मनुष्य मरतो. हें जीवनसत्त्व मनुष्याचें शरीर स्वतः तयार करूं शकत नाहीं. तें ताज्या फळांतून, भाज्यांतून वा ताज्या मांसांतूनच मिळतें. १८७६ सालीं हें कोणासच माहीत नव्हतें. उपाय मात्र माहीत होता. १७४७ सालीं जेम्स लिंड ह्या आरमारी डॉक्टरानें बारा आजारी खलाशी घेऊन त्यांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निरनिराळें औषध दिलें. संत्रीं व लिंबें खाणारी जोडी झपाट्यानें सुधारली. १७९५ सालापासून इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस रोज देण्याचा नियम झाला, व स्कर्व्ही जवळजवळ नाहींशी झाली.

मग पोर्टर कां मेला? ह्याचीं उत्तरें दोन आहेत. पहिलें असें कीं, १८६० नंतरच्या दशकांत आरमारानें भूमध्यसमुद्राकडचीं मोठीं पिवळीं लिंबें सोडून वेस्ट इंडीज बेटांतील लहान लिंबें घेण्यास आरंभ केला. हीं आपल्या कागदी लिंबांच्याच जातीचीं. चवीला तीं अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी अशी समजूत होती. वास्तविक आंबटपणाचा व ह्या गुणाचा कांहीं संबंध नाहीं. लंडनच्या लिस्टर संस्थेंत हॅरिएट चिक व तिच्या सहकारिणींनीं १९१८ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, त्या लहान लिंबांचा साठविलेला रस स्कर्व्हीविरुद्ध फारच दुबळा होता. तेव्हां जहाजावर सगळा हिंवाळा रोज रस पिऊनहि माणसांच्या शरीरांतला सांठा अगोदरच रिता झालेला असला पाहिजे. दुसरें उत्तर असें कीं, घसरगाड्यांच्या शिध्यांत लिंबाचा रस नेमानें घातलाच नव्हता. रस कांचेच्या बाटल्यांत असे. तो गोठला म्हणजे बाटल्या फुटत, आणि तो वितळविण्यास इंधन जाळावें लागे. पूर्वीच्या सफरींतहि कोणी तो नेमानें नेला नव्हता, असें नेअर्सचें म्हणणें. वाळविलेल्या मांसाची चरबी घातलेली पेमिकन नांवाची वडी, बिस्किटें, चहा व रम ह्यांवर माणसें गाड्या ओढीत होतीं. ह्या सर्वांत जीवनसत्त्व ‘क’ नाहीं म्हटलें तरी चालेल.

बोमंटच्या टोळीचा अनुभव ह्याच गोष्टीची साक्ष देतो. त्याचेहि दोन खलाशी, जेम्स हँड व चार्ल्स पॉल, ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर वारले. पण राहिलेल्यांस गांठून हान्स हेंड्रिक ह्या ग्रीनलंडच्या शिकाऱ्यानें सील मासे मारून ताजें मांस खाऊं घातलें, आणि तीं माणसें उठून उभीं राहिलीं. ज्यांना गोरे लोक अडाणी समजत त्या एस्किमोंस स्कर्व्ही होत नसे, कारण ते मांस ताजें व पुष्कळदां कच्चेंच खात. एवढी उघड शिकवण समोर असतां ती कोणीं घेतली नाहीं, ह्याचें आज आश्चर्य वाटतें.

नेअर्सनें आणखी एक हिंवाळा न काढतां परतण्याचें ठरविलें, व २ नोव्हेंबर १८७६ रोजीं जहाजें पोर्टस्मथला पोंचलीं. त्याच महिन्याच्या २८ तारखेस राणीनें पदक मंजूर केलें. ज्यांनीं काम केलें त्यांचा गौरव झाला. पण स्कर्व्ही कां झाली हा प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. आरमारखात्यानें नेमलेल्या समितीनें १८७७ सालीं अहवाल दिला, व त्यांत घसरगाड्यांच्या शिध्यांतून लिंबाचा रस वगळणें हेंच मुख्य कारण ठरविलें. दोष नेअर्सच्या माथीं आला. आमच्या मतें हा निवाडा अर्धाच खरा होता. रस नेला असता तरी त्या दुबळ्या रसानें किती वांचले असते हा प्रश्न उरतोच; आणि त्याचा उलगडा होण्यास जीवनसत्त्वाचा शोध लागावा लागला. तो पदार्थ सेंट-जॉर्जी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं प्रथम वेगळा काढला, व १९३२ सालीं तोच जीवनसत्त्व ‘क’ हें सिद्ध झालें.

पदकाविषयीं थोडें सांगावयाचें राहिलें. १८७६ चें हें पदक पहिलें नव्हे. १८१८ ते १८५५ ह्या काळांतील उत्तरेकडच्या सफरींसाठीं १८५७ सालीं एक अष्टकोनी पदक निघालें होतें, तेंहि पांढऱ्या फितीचें. त्या काळांतहि मरीन लोक उत्तरेस होतेच. फ्रँकलिनच्या नष्ट झालेल्या सफरीवरील विल्यम ब्रेन नांवाचा मरीन ३ एप्रिल १८४६ रोजीं मेला. बीची बेटावर त्याची कबर आहे, आणि १९८६ सालीं शास्त्रज्ञांनीं ती उघडली तेव्हां थंडीमुळें त्याचें शरीर जसेंच्या तसें सांपडलें. (मार्कमची टोळी निघाली ती नेमकी त्याच तारखेस, तीस वर्षांनीं.) पुढें १९०४ सालीं कप्तान स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाकडील सफरीसाठीं ध्रुवपदक सुरू झालें. त्या सफरींत ब्लिसेट व गिल्बर्ट स्कॉट हे दोघे मरीन शिपाई होते. हें अष्टकोनी ध्रुवपदक ब्रिटनमध्यें अजूनहि दिलें जातें, व त्याची फीत आजहि पांढरीच आहे.

अलर्ट जेथें गोठून राहिलें त्या किनाऱ्याजवळ आतां कॅनडाचें एक लष्करी ठाणें आहे. माणसांची कायमची वस्ती असलेलें तें जगांतील सर्वांत उत्तरेचें ठिकाण, आणि त्याचें नांवहि त्या जहाजावरून ‘अलर्ट’ असेंच आहे. पीटरसनची कबर त्या किनाऱ्यावर जमिनींत आहे. पोर्टरचा क्रूस रोंवला होता तो तरंगत्या बर्फावर.